सिनेमातला मद्राशी

तिसरी लाथ बरगडीत बसली तसा सेल्वम गुडघ्यांवर कोसळला आणि मकसूद मध्ये घुसला. हातात काहीच नव्हतं. त्याचा मोठा पाना परवापासून सापडत नव्हता, नाहीतर त्या पान्याच्या धाकानं तरी चार जण मागं सरले असते.

"सरक मकसूद," विजयसिंह म्हणाला. त्याच्या हातात ऊस तोडायचा कोयता होता. "ह्या मद्राशानं माझ्या भावाचे दोन्ही गुडघे फोडलेत. डॉक्टर म्हणतोय, एक पाय काढावा लागंल."

चौसाळ्यात हायवेला लागूनच मकसूदचं गॅरेज. सेल्वमची बोअरची गाडी बिघडून कितीतरी दिवस त्याच्या दारात उभी होती. बाकीचे गडी दुसऱ्या गाडीसंगं दिंद्रुडला गेले, हा एकटा मागं राहिला आणि नेमका तावडीत सापडला. पंधरा वर्षं ह्या माणसानं बीडच्या खडकात भोकं पाडली, इथल्यासारखं बोलायला शिकला, तरी गावाला तो मद्राशीच!

आणि विजयसिंहाचा भाऊ भागवत? आता बिचारा खाटेवर पडलाय म्हणून वाईट बोलू नये, पण माणूस म्हणजे पुरती ब्याद. मागच्या बाजारच्या दिवशी त्यानं भर हॉटेलात सेल्वमची पॅन्ट ओढून काढली, कमरेला लुंगी गुंडाळली आणि चुलीतली राख कपाळाला फासली. "सिनेमातल्यावाणी बोल बे! अय्यो म्हण! मान हलीव!" सेल्वम बोलेना, तर कानफटात हाणल्या. शेवटी तो बोलला. नाचलासुद्धा. अख्खं हॉटेल पोट धरून हसलं. भागवतनं मोबाईलवर शूटिंग करून ते जगभर पाठवलं, आणि फिरत फिरत ते तिकडं तमिळनाडूत सेल्वमच्या लेकीपर्यंत पोचलं. तेव्हा मकसूद एका कोपऱ्यात गप बसून राहिला होता. ते त्याला अजून सलत होतं.

"त्याचाच डाव साधला ह्यानं," विजयसिंहानं सेल्वमचे केस धरून मान वर केली. ओठ फाटला होता, एक डोळा मिटला होता. "भागवतनं सोता सांगितलंय."

"काय सांगितलं? नीट सांग की."

"काल दिवस बुडताना वस्तीच्या वाटंवर आडवा आला. तोंडाला काळं फासलेलं, लुंगी वर खोचलेली, कपाळाला राखंचे पट्टे. मान हलवीत म्हणतो कसा, अय्यो, छोडेगा नहीं जी! अन् घातलं लोखंडाचं कायतरी. आधी एक गुडघा. मग दुसरा. भागवत पाया पडत हुता, तरी घालतच ऱ्हायला."

मकसूदनं कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, मग सोड की त्याला! असला मद्राशी कुठं ऱ्हातो ठावं हाय का? पडद्यावर! मी किती वर्षं ह्या बोअरवाल्यांच्या गाड्या खोलतोय, एकाच्याबी तोंडून असलं ऐकलं न्हाई. सिनेमावाले लिवतात अन् आपण दात काढतो. ह्याच्या गळ्यात क्रूस बघ, ह्यो कशाला राख लावंल? अन् रंग बघ, तुझ्यापरीस उजळ हाय!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. विजयसिंहाचं डोकंच फिरलं. त्यानं कोयत्याची सपाट बाजू सेल्वमच्या पाठीत हाणली. शर्ट फाटला, कातडी फाटली.

"अम्मा," सेल्वम एवढंच म्हणाला आणि तोंडावर पडला.

"ऐकलं? मार पडल्यावर माणूस असा ओरडतो!" मकसूद आता गर्दीकडं वळला. "ज्या सोंगापायी ह्याला पोटच्या पोरीला तोंड दाखवायला जागा उरली न्हाई, तेच सोंग ह्यो आपल्या हातानं घील का? मरंल, पर लुंगी नेसायचा न्हाई. हे इथल्याच कुणाचं तरी काम हाय. भागवतनं गावात काय कमी वैरी केलेत?"

गर्दीतल्या दोघा-चौघांनी माना खाली घातल्या. विजयसिंहानं त्यांच्याकडं पाहिलं, मग कोयत्याकडं.

"जबान दे."

"दिली. खोटी निघाली तर ह्योच कोयता माझ्या मानंवर चालीव. समद्यांदेखत."

गॅरेजच्या दारात त्याची बायको रहेमतबी उभी होती. तिनं ओढणी तोंडात कोंबली. गर्दी हळूहळू पांगली.

मकसूदनं सेल्वमला उचलून पिकअपमध्ये बसवलं. सेल्वमच्या तोंडात एकच धोशा, "माझी पिशवी. केबिनमधली माझी पिशवी."

"जीव चाललाय अन् पिशवी काय मागतो बाबा!" मकसूद चिडला, पण गेला. पिशवी भलतीच जड होती. असतील लेकीसाठी घेतलेल्या वस्तू, म्हणून त्यानं ती सांभाळून सेल्वमच्या मांडीवर ठेवली.

बीडच्या दवाखान्यात भागवतची माणसं होती, म्हणून त्यानं गाडी धाराशिवच्या अंगाला वळवली. गाव मागं पडलं तसा त्याच्या जिवात जीव आला. आज आपण एका माणसाला वाचवलं, ह्या विचारानं त्याला एकदम भरून आलं.

"सुटलास बघ! पर कोण असंल रे ह्यो? सोंग बाकी हुबेहूब वठवलं."

सेल्वमनं पिशवी उघडली. आतून लुंगीचं गाठोडं काढलं आणि सोडलं. आत मकसूदचा मोठा पाना होता. त्याच्या टोकाला रक्त वाळून काळं पडलं होतं.

मकसूदनं करकचून ब्रेक दाबला.

"भागवतनंच शिकिवलं व्हतं की, मकसूदभाय," सेल्वम म्हणाला. "मी फकस्त एकदा कुणाला न हसवता करून दाखवलं."