जन्मखूण

सव्वीस वर्षं शालूबाई लेकीच्या गालावरल्या काळ्या डागाला जन्मखूणच म्हणत आली. पाळण्यातल्या पोरीला दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा आपणच लावला आणि तो उतून कातडी भाजली, हे तिनं कुणाला कळू दिलं नाही.

आता लेक, शिवांजली, डाग जावा म्हणून ऑनलाइन मागवलेला सुयांचा रोलर गालावर फिरवायची. शालूबाई कापसानं रक्त टिपत म्हणायची, "अशानं जन्मखूण जाती व्हय गं?"

शेवटी गाल सुजला, तशा दोघी मिरजेला डॉक्टरीणबाईंकडं गेल्या.

"ही जन्मखूण नाही, बिब्बा उतलाय. कुणी लावला होता?"

शालूबाईनं पदर तोंडाशी नेला.



आईचा हात घट्ट धरून शिवांजली म्हणाली, "मीच, मॅडम. लहानपणी, खेळताना."