शेवटच्या पानावरचं नाव

"आज तू बोलायचं," फोन खिशात टाकत सोमनाथ साहेब म्हणाले. "गेल्या साली बांधलेल्या टाकीचं प्रेझेंटेशन तुझं."

इंद्रजीतचा कानांवर विश्वास बसेना. या ऑफिसात पाच वर्षं तो गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढत होता. डोकं त्याचं, आणि सरपंचांपुढं, अधिकाऱ्यांपुढं मिरवायचे साहेब. त्याचं नाव चुकूनसुद्धा कधी त्यांच्या तोंडी आलं नव्हतं. ही सल त्याला जेवतानाही सुखानं घास गिळू देत नसे. बायको सुलेखाला ती ऐकून ऐकून पाठ झाली होती.

साहेबांनी लॅपटॉप उघडला. शेवटच्या पानावरचं स्वतःचं नाव काढलं, इंद्रजीतचं टाकलं. एकट्याचं.

"साहेब, तुमचं पण राहू द्या की."

"नाय रे. ज्याचं त्याला मिळावं. सावकाश बोल. पडद्याकडं नाय, माणसांकडं बघ. अन् 'आम्ही केलं' म्हणू नको, 'मी केलं' म्हण. उगं अंग चोरायचं नाय."

इंद्रजीतनं सुलेखाला फोन लावला. "आज माझं नाव येणारे," त्यानं घाईघाईनं सांगितलं.

"लई उशीर केला त्यांनी," ती म्हणाली. "पण बरं झालं."

एरवी चार माणसांत त्याची तंतरायची. आज मात्र बैठकीत तो असा बोलला, की डुलक्या काढणारे सरपंचही सावरून बसले. शेवटचं पान पडद्यावर आलं आणि टाळ्या पडल्या. गडी पार विरघळला.

मागच्या रांगेतल्या एका अनोळखी चष्मेवाल्यानं हात वर केला. "खांबांत लोखंड बरंच कमी वापरलंय. ही युक्ती कुणाची?"

युक्ती साहेबांची होती. इंद्रजीत तेव्हा नको नकोच म्हणत होता. त्यानं साहेबांकडं पाहिलं. ते हसून मान डोलावत होते. पाच वर्षं यांनी माझं लाटलं, एकदा मी यांचं घेतलं तर काय बिघडलं, असं त्याच्या मनात आलं.

"माझीच," तो ताठ मानेनं म्हणाला. "पूर्ण माझी."

चष्मेवाल्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि तो उठून पुढं आला.

"मी पोलीस ठाण्यातून आलोय. ही टाकी आज सकाळी कोसळली. खाली पाणी भरणाऱ्या चार बाया गेल्या. चला."