दुपारच्या स्वप्नाचं पान

जेवणं आटोपल्यावर शर्वाणीने आईच्या दुपारच्या स्वप्नाचं पान स्क्रीनवर उघडलं. त्यावर लिहिलेलं आईला झोपेत दिसायचं, ऐकू यायचं. आईला कमी ऐकू येतं, म्हणून शर्वाणीने काल त्यात हयात नसलेल्या बाबांची वाक्यं मोठ्या, ठळक अक्षरांत टाकली होती. आई दचकून उठली होती.

"स्वप्नात मला नीट ऐकू येतं गं," आई म्हणाली. "हे जन्मात माझ्यावर ओरडले नाहीत, काल ओरडले. मला नाही झोपायचं."

"नुसती पड तरी."

शर्वाणीने अक्षरं बारीक केली, फिकट केली, ओळींमध्ये अंतर सोडलं. मग बाबांची वाक्यंच पुसून टाकली. आईच्या नावाशेजारी फक्त त्यांचं नाव ठेवलं.

आई उठली तेव्हा ऊन कलंडलं होतं.

"काय म्हणाले बाबा?"

"काहीच नाही," केस सावरत आई म्हणाली. "आज सगळं मीच बोलले."