पांढरं कालव

यंदा कालव पांढरं निघालं, तरच खाडीतलं खायला हरकत नाही असं ठरलं होतं. पाण्यात विष असेल तर आतला गर निळा पडावा, असं प्रयोगशाळेत घडवलेलं कालवांचं बी चंद्रकला आणि गावच्या बायांनी खडकांवर जगवलं होतं. दरवर्षी ओहोटीला त्या एक कालव फोडून बघायच्या, आणि दरवर्षी ते निळंच निघायचं.

आज चंद्रकलाच्या सासूबाईंनी ते खडकाआड फोडलं आणि पानावर ठेवून आणलं. गर दुधासारखा पांढरा होता. काठावरच्या बायांना हुंदका आवरेना.

पहिला घास गावातल्या पोटुशीचा. चंद्रकलाची सून सुगंधा पुढे आली. तिने गर ओठांपाशी नेला, तोच चंद्रकलाला आंबट वास आला आणि तिने सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"थांब गो. आई, हे कशात धुतलंत?"

"कोकमाच्या पाण्यात," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला वशाट वास सोसत नाही. कच्चं खाणार कशी?"

चंद्रकला खडकामागे गेली. पातेल्यातलं लाल पाणी काळंनिळं झालं होतं. आंबटाने रंग उतरवला होता. विष किती उतरलं आणि किती गरात राहिलं, कोण सांगणार?

तिने पातेलं सगळ्यांसमोर आणून ठेवलं. सुगंधाने गर पानावर परत ठेवला आणि ती बोटं पदराला पुसत राहिली.

सासूबाईंनी खालमानेने पातेलं उचललं आणि ते ओतून टाकायला पाण्याकडे निघाल्या.

"आई," चंद्रकला हळूच म्हणाली, "खाडीत नको."