होऊ द्या

"तुला कुणी जेवायला बोलावत नाय का?"

विचारलं एकदाचं! पैज माधवीची, जीभ पौर्णिमाची. लेण्यांवरून उतरणारी वाट गावात शिरते तिथं माधवी आणि नम्रता तोंडात ओढणी कोंबून मागे थांबल्या होत्या, आणि पौर्णिमा या पायावरून त्या पायावर होत कात्रिनच्या तोंडाकडे बघत होती.

कात्रिन जर्मनीची. कोंडाण्याच्या लेण्यांतली नक्षी कागदावर उतरवायला आलेली. आठ दिवस रोज कातळावर एकटीच बसून पाव-केळी खायची. आज केळी संपली म्हणून दुपारीच खाली उतरली होती. मराठी पुण्यात शिकलेली, अगदी स्वच्छ. फक्त 'तुम्ही' तिला कुठं भेटलाच नव्हता. सरपंचालाही तूच.

"बोलावतात ना," ती म्हणाली. "सगळे बोलावतात. या जेवायला, या जेवायला. मग मी थांबते. मग ते घाबरतात. विचारतात, काही काम होतं का?"

माधवी तर फुटलीच. "अगं, ते नुसतं म्हणायचं असतं!"

"का?"

"आपण जेवत असलो नि कुणी वाटेनं चाललं, की म्हणायचं. जाणाऱ्यानं म्हणायचं, होऊ द्या."

"म्हणजे खोटं?"

"खोटं नाय गं. पद्धत हाय."

"मग खरं बोलावणं कसं कळतं?"

तिघी दहावीतल्या, पण हे कुणालाच येईना. माधवीचं घर आलं तशी ती सटकली. उरलेल्या तिघी खालच्या आळीत उतरल्या.

विहाराला लागून पौर्णिमाचं घर. ओटीवर तिचे पप्पा, खिशावर 'मिलिंद' असं नाव शिवलेला कंपनीचा निळा शर्ट घालून, घाईघाईनं जेवत होते. खालापूरला दुसरी पाळी, न्यायला गाडी यायची वेळ झालेली. पोरींबरोबर परकी बाई दिसली तसे ते सवयीनं म्हणाले, "या जेवायला!"

कात्रिन थांबली. पौर्णिमाकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "हे खरं का?"

पप्पांचा घास हातातच राहिला. आत तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. कुंपणापाशी नम्रता उभी. पौर्णिमाला वाटलं, आता इथून पळत सुटावं, थेट कर्जत स्टेशनापर्यंत.

"खरं," ती म्हणाली.

कात्रिन पायरीवर बसली आणि बूट सोडायला लागली. केवढे ते बूट! घोट्याच्या वर नाड्या, नाड्यांवर गाठी, गाठींवर चिखल. तेवढ्यात आईनं दारातून दबक्या आवाजात पौर्णिमाला झापलं. "पुने, अक्कल हाय का तुला? आज सुकट केलीय! वास नाय का यायचा तिला?"

"काढू दे गं बूट," पप्पा म्हणाले. "आता काय परत घालायला सांगतेस?"

कात्रिननं मांडी घातली. गुडघा कडकन वाजला. तांदळाच्या भाकरीचा तुकडा सुकटीत बुडवून तोंडात टाकला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मिलिंद, तू पाणी देतोस?"

पप्पा हसत सुटले. "देतो की!" आईनंही पदर तोंडाला लावला, आणि न विचारता दुसरी भाकरी तिच्या ताटात पडली.

मग तोंडात घास तसाच ठेवून कात्रिननं कुंपणाकडे हाक मारली, "नम्रता! या जेवायला!"

नम्रता वरच्या आळीतली. दुसरीपासून पौर्णिमाच्या बाकावरची. ती या पायरीपर्यंत रोज यायची. पायरीच्या वर कधीच नाही. शनिवारची शाळा सकाळची, तिच्या पोटात काही नव्हतं. वाटेत तिचं पोट गुरगुरलं तेव्हा तिघी खदखदून हसल्या होत्या.

नम्रतानं एकदा ताटाकडे बघितलं. एकदा वरच्या आळीकडे.

"होऊ द्या," ती म्हणाली. "आत्ताच जेवले." मग घाईनं, "येते गं पुने," आणि दप्तर सावरत गेलीसुद्धा.

कात्रिन पौर्णिमाच्या कानाशी वाकली. "हे खोटं की पद्धत?"

पौर्णिमाला नम्रताची ओटी आठवली. तिथून आजी हाक मारायची, 'ये गं पुने जेवायला,' आणि ही खाली रस्त्यावर उड्या मारत म्हणायची, 'होऊ द्या आजी, आत्ताच जेवले!' भूक असली तरी. दर वेळी. कुणी शिकवलं होतं, तेही आठवेना.

ती उठली. पायरी उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. कात्रिनचे बूट तिथंच पडले होते, नाड्या पसरून, जणू त्यांना कुठं जायचंच नव्हतं.

"काय चाललंय तुझं?" पप्पांनी हात धुवत विचारलं. "एका जागी बस की."

"पप्पा, आई, ऐका. उद्या नम्रताची आजी 'ये जेवायला' म्हणाली ना, तर मी..."

"होऊ द्या म्हणायचं," आई झटकन म्हणाली.

रस्त्यावर कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. पप्पा उठले नाहीत.

"नाय," पौर्णिमा म्हणाली. "मी चपला काढणार."