जसंच्या तसं

"कानडी येते का तुम्हाला?" सौम्यानं विचारलं.

बाकावरच्या बाईनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं सौम्याच्या रिकाम्या टेबलाकडं पाहिलं, वरच्या 'सोबत' या मराठी पाटीकडं पाहिलं आणि टोपी सारखी करत म्हणाला, "न्हाई ओ ताई. अजिबात न्हाई."

सौम्याला इतका आनंद झाला, की तिची तिलाच लाज वाटली. दुसऱ्याच्या अडचणीवर खूश व्हायची पाळी आली होती तिच्यावर!

गुंडू आणि ठकुबाई निपाणीकडची. गुंडूच्या पोटाचं दुखणं घेऊन एवढ्या लांब बंगळूरला आलेली. मघाशी इस्पितळाचा शिपाई नागराज त्यांना जिन्यात गाठून काहीतरी सांगत होता, तेव्हाच तिला त्यांची कीव आली होती. नागराजला कानडीखेरीज भाषा नाही, आणि तोंड उघडलं की मिटायचं ठाऊक नाही. दोघं बिचारी नुसती माना हलवत होती.

सौम्या शहाण्णव साली लंडनहून परतली, ती डोक्यात एकच खूळ घेऊन. तिकडच्या इस्पितळात तिनं पाहिलं होतं, भाषा न येणाऱ्या रोग्याशेजारी एक स्वयंसेवक बसतो आणि डॉक्टरचं बोलणं त्याला त्याच्या भाषेत सांगतो. सीमेवरून येणाऱ्या मराठी माणसांसाठी तिला तेच करायचं होतं. संध्याकाळी कंपन्यांची भाषांतरं करायची आणि त्या कमाईवर सकाळची सेवा चालवायची. बसवनगुडीच्या घरात वडिलांना, कृष्णमूर्तींना, हे काही पचलं नव्हतं. "लंडनला जाऊन बाकावर बसायला शिकलीस काय गं?" ते ताटावर बसले की सुरू करत. "स्वल्प विचार कर की!"

'सोबत'चा नियम एकच होता. डॉक्टर बोलतील ते जसंच्या तसं सांगायचं. पदरचं घालायचं नाही, पोटात ठेवायचं नाही. वसुमतीअक्का ही टिकलेली एकुलती एक स्वयंसेविका. तिनं एका म्हातारीला आपल्या मनानंच "बरं होईल" म्हणून सांगितलं, तर सौम्यानं तिला तिथल्या तिथं घरचा रस्ता दाखवला. "खोटं बोलायला घरची माणसं असतातच, अक्का," असंही वर ऐकवलं.

तेव्हापासून टेबलाशी ती एकटी. रोगी म्हणावा तर तोही फिरकेना. डॉक्टर हयवदन चांगले गृहस्थ, पण त्यांनी काल स्पष्ट सांगितलं होतं, "आजवर थांबलो. उद्या कुणी आलं नाही, तर टेबल उचल. आम्हाला जागा पुरत नाही." टेबल गेलं की 'सोबत' गेली, हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि आज, देवानंच धाडल्यासारखी ही दोघं आली होती.

हयवदनांनी फिल्म उजेडावर धरून पाहिली. खाली ठेवली. "यांना कानडी येत नाही ना?" त्यांनी सौम्याला विचारलं.

"नाही, डॉक्टर."

"बरं. मग आडपडदा नको." ते कानडीत बोलत राहिले. रोग यकृतात पसरलाय. आता कापण्यात अर्थ नाही. फार तर तीन महिने. उगाच इथं खाट अडवण्यापेक्षा घरी न्यायला सांग.

ठकुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, ती थांबली. गुंडू खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

मग तो वळला आणि सावकाश म्हणाला, "काय म्हनालेत ओ डाक्टर?"

सौम्यानं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, तिनं मनात मराठीही केलं होतं. पण समोर ती दोघं तिच्या तोंडाकडं बघत बसली होती.

"गाठ आहे," ती म्हणाली. "पण औषधानं उतरेल म्हणतात. घरी जा, आराम करा. तीन महिन्यांनी दाखवायला या."

"देव पावला," ठकुबाई म्हणाली.

गुंडूनं डॉक्टरांना हात जोडले आणि मग तिच्याकडं वळून पुन्हा जोडले. "लई उपकार झाले, ताई. तुमी नसता तर आमास्नी काय कळलं असतं?"

ती दोघं गेल्यावर हयवदन हसून म्हणाले, "किती शांतपणे घेतलं त्यांनी! उपयोग आहे तुझ्या कामाचा. टेबल राहू दे."

हवं होतं ते मिळालं होतं. सौम्या येऊन टेबलाशी बसली, पण तिला बसवेना. वसुमतीअक्काचा रडवेला चेहरा सारखा डोळ्यांपुढं येत होता. त्या माणसाला कुणाला भेटायचं असेल, घरची काही निरवानिरव करायची असेल. आपल्याला बोलायचा धीर झाला नाही म्हणून आपण त्याला फसवलं. ती ताडकन उठली आणि जिना उतरून धावत सुटली.

फाटकाशी दोघं पाठमोरी उभी होती. नागराज त्यांचं बोचकं रिक्षात ठेवत होता. ती हाक मारणार, तोच गुंडूचा आवाज कानावर आला आणि ती जागीच थबकली. तो कानडी बोलत होता. उभा जन्म बाजारात गेलेला माणूस बोलतो तशी, न अडखळता.

"तीन महिने म्हणाले डॉक्टर," तो नागराजला सांगत होता. "आम्ही कानडी येत नाही म्हणालो होतो, पण पोरीच्या तोंडून ते निघेना."

नागराजच्या हातात बोचकं तसंच राहिलं. "एवढी कानडी येते, तर नाही कशाला म्हणालात, अण्णा? तुम्हाला कळतंय म्हटल्यावर डॉक्टर जरा जपून बोलले असते."

ठकुबाईनं पदर डोक्यावर घेतला. तीही कानडीतच म्हणाली, "तुम्हीच नाही का सकाळी जिन्यात सांगितलंत, आज कुणी आलं नाही तर त्या पोरीचं टेबल उचलणार म्हणून?"