दहाचे साठ

"इंटरनेटच्या एका पत्त्यावरून एकाच वेळी दहापेक्षा जास्त जोडण्या आल्या, की चोर समजून दार लावायचं," विद्यापीठाचा मेल सर्व्हर सोपवताना पेंडसे सरांनी बजावलं होतं. सुनीतीने तो दहाचा आकडा सहा वर्षं नेमासारखा पाळला.

आज सकाळी मुलींच्या वसतिगृहातून रेक्टरबाईंचा फोन आला. "अहो ताई, नव्या वायफायवर आमच्या बावन्न मुली, पण मेल उघडतोय दहाजणींचाच! हॉलतिकिटं त्यातच अडकलीत आणि अकराला पेपर. पोरी माझं डोकं खातायत!"

बावन्नजणींचं वायफाय एकच, म्हणून सर्व्हरला पत्ताही एकच दिसत होता. दाराबाहेर कोण उभं आहे, हे सुनीतीने आजवर कधी विचारलंच नव्हतं. तिने दहाचे साठ केले.

"उघडला हो!" रेक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "वैदेही मात्र रडत तशीच केंद्रावर गेली. फोनही इथेच टाकून."

"पेपर सुरू व्हायच्या आत तिचं हॉलतिकीट मी पोचवते," सुनीती म्हणाली. साडेदहा वाजले होते. परीक्षा विभागातून तिने कागद छापून घेतला, पदर खोचला आणि स्कूटर काढली.